अमेरिकेत घरी बसून पाचवी: ‘संपूर्ण’ ऑनलाइन अभ्यासक्रमात काय येतं आणि काय राहून जातं

अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणं पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. त्यामुळे तिकडे गेलेल्या कुटुंबाला, विशेषतः वर्षाच्या मध्येच बदली झाली असेल तर, कोणी ना कोणी सुचवतंच: ‘इयत्ता पाचवी, संपूर्ण’ असं लिहिलेलं पॅकेज घ्या, मुलाला लॅपटॉपसमोर बसवा, झालं. पॅकेजं वाईट नसतात. खोट असते ती ‘संपूर्ण’ या शब्दात. धडे, व्हिडिओ, बहुपर्यायी चाचण्या आणि गुणांचा अहवाल एवढं पैशांत येतं. लिहिलेलं तपासणं, कागदावरची गणितं, राज्याने घालून दिलेले काही विषय आणि सरकारी कागदपत्रं तुमच्या गळ्यात राहतात. पहिली-दुसरीत हे खपून जातं, चौथी-पाचवीत नाही. कारण या दोन वर्षांत मूल परिच्छेदावरून निबंधावर आणि पूर्णांकांवरून अपूर्णांकांवर जातं, आणि या दोन्ही गोष्टी क्लिक करून येत नाहीत.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. ‘ऑनलाइन शाळा’ या एकाच नावाखाली तीन वेगळे प्रकार विकले जातात. पहिला सरकारी व्हर्च्युअल शाळेचा. ती फुकट असते, शिक्षक राज्याचे, हजेरी राज्याची, वर्षाअखेरची परीक्षाही राज्याची. कायद्याच्या नजरेत तुमचं मूल सरकारी शाळेतच असतं, फक्त बसतं घरी. दुसरा, फी घेणारी खाजगी ऑनलाइन शाळा. तिच्याकडे शिक्षक असतात आणि ती प्रगतिपुस्तकही देते. तिसरा, दरमहा वर्गणीचं पॅकेज. खरं होमस्कूलिंग म्हणतात ते यालाच, आणि इथे शिक्षक म्हणून कागदावर तुमचंच नाव लागतं. खान अकादमीसारखं फुकट साधन गणिताला उत्तम आहे, पण तिथे मुलाचा निबंध वाचायला कोणी शिक्षक बसलेला नाही. पुढचं सगळं या तिसऱ्या प्रकाराबद्दल.

पॅकेज निवडण्याआधी राज्याचा नियम वाचा, कारण होमस्कूलिंगचा कायदा देशाचा नाही, राज्याचा आहे. टेक्सासमध्ये घरची शाळा ही खाजगी शाळाच मानली जाते, दरवर्षी कोणाला कळवावं लागत नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे पाच विषय लिखित अभ्यासक्रमातून शिकवले पाहिजेत, एवढीच अट. कॅलिफोर्नियात दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान खाजगी शाळेचं प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरायचं आणि हजेरीपट ठेवायचा. पेनसिल्व्हेनियात प्रतिज्ञापत्रासोबत शिकवण्याची उद्दिष्टं आणि लसीकरणाची नोंद जोडावी लागते, म्हणून भारतातलं लसीकरण कार्ड सामानाच्या तळाशी टाकू नका. शिकवणाऱ्या पालकाकडे हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्रही हवं. न्यूयॉर्क सगळ्यांत कडक राज्यांपैकी एक. १ जुलैपर्यंत, किंवा वर्षाच्या मध्ये सुरू करत असाल तर सुरुवातीपासून १४ दिवसांत, इरादापत्र, म्हणजे घरी शिकवणार असल्याची लेखी सूचना. मग वर्षाचा लेखी आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि शेवटी वार्षिक मूल्यमापन.

मुलाचं नाव आधीच एखाद्या शाळेत असेल तर नुसतं पाठवणं बंद करू नका. नाव काढल्याचं लेखी कळवेपर्यंत रोजची गैरहजेरी लागत राहते आणि काही आठवड्यांत गैरहजेरीबद्दलचं पत्र दारात येतं. नाव काढल्याचं पत्र ईमेलने पाठवा, तारखेसह पोच घ्या, मग पॅकेज सुरू करा.

आता पॅकेजमध्ये काय नसतं ते. ही पॅकेजं सगळ्या देशासाठी बनवलेली असल्याने कुठल्याच राज्याचा इतिहास त्यांत धड नसतो. टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे चौथीत राज्याचा इतिहास असतो आणि पाचवीत देशाचा. पेनसिल्व्हेनियाच्या विषयांच्या यादीत देशासोबत राज्याचा इतिहासही आहे. न्यूयॉर्कच्या यादीत संगीत, चित्रकला, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण तर आहेच, शिवाय आगीपासून बचाव आणि सायकल सुरक्षेसह रहदारीचे नियमही आहेत. पॅकेजमध्ये हे सापडणार नाही. एका शनिवारी हेल्मेट घालून, हाताचे इशारे शिकवत गल्लीत सायकल चालवली आणि तारखेसह वहीत लिहिलं की तो विषय शिकवल्याची नोंद झाली. हसू येईल, पण तिमाही अहवालात हीच ओळ कामाला येते.

गणितात आपल्याकडच्या पालकांची हमखास गडबड होते, म्हणून इथे जरा थांबू. समजा २१८४ ला २४ ने भागायचं आहे. आपण २१८ ला भाग लावतो: चोवीस नवे दोनशे सोळा, बाकी दोन, चार खाली घेतला, चोवीस एके चोवीस, उत्तर ९१. पडद्यावर मात्र मूल वेगळंच काहीतरी करताना दिसतं. ५० वेळा २४ म्हणजे १२००, उरले ९८४. ४० वेळा २४ म्हणजे ९६०, उरले २४. आणखी १ वेळा. मग ५०, ४० आणि १ यांची बेरीज, ९१. हे अज्ञान नाही. बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या ‘कॉमन कोअर’ मानकांत भागाकाराची आपली पारंपरिक उभी पद्धत सहावीत अपेक्षित आहे, पाचवीत स्थानिक किमतीवरून भागायचं असतं. टेक्सास आणि व्हर्जिनियाची मानकं स्वतंत्र आहेत, पण पॅकेजं बहुधा कॉमन कोअर धरूनच लिहिलेली असतात.

बिघडतं ते असं: संध्याकाळी आई किंवा बाबा आपली पद्धत शिकवतात. सकाळी मुलाचं उत्तर बरोबर येतं, पण प्रोग्रॅमला मधल्या चौकटी भरून हव्या असतात. त्या रिकाम्या राहतात आणि गुण जातात. मूल म्हणतं, बाबांचं चुकीचं आहे. म्हणून पहिले दोन आठवडे त्यांच्या पद्धतीला हात लावू नका. नंतर तेच गणित वहीत शेजारी-शेजारी दोन्ही पद्धतींनी मांडा आणि विचारा, आपल्या भागाकारातला ९ खरा किती? तो ९० आहे, म्हणजेच पलीकडचे ५० आणि ४०, हे मुलाने स्वतः बोललं की दोन्ही पद्धती पक्क्या झाल्या.

दुसरा खड्डा पदावल्यांचा. कोणती क्रिया आधी करायची हे लक्षात ठेवायचं आपलं सूत्र ‘कंचेभागुबेव’, त्यांचं ‘पेमडास’ (कंस, घात, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी यांची इंग्रजी आद्याक्षरं). तिकडच्या क्रमात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येतं, आपल्याकडे उलट. मूल अक्षरांवर विसंबलं तर २४ ÷ ४ × २ चं उत्तर तिकडे ३ काढतं, बरोबर उत्तर १२. आपणही फुशारकी मारायला नको: ‘बे’ आधी म्हणून १० − ४ + ३ मध्ये बेरीज आधी केली तर ३ येतं, बरोबर उत्तर ९. गुणाकार-भागाकार एकाच पायरीवर, बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, आणि पायरीवर डावीकडून उजवीकडे. हे एकदा नीट सांगितलं की दोन्ही सूत्रं निरुपद्रवी होतात. मोजमापं मात्र पाठच करावी लागतात: १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा यार्ड, ५२८० फुटांचा मैल, १६ औंसांचा पौंड, १६ कपांचा गॅलन. लिटर-मीटरमध्ये वाढलेल्या मुलाला पाचवीतली एककांची रूपांतरं उगाचच अवघड वाटतात. कारण दहाच्या पटीचा आधार तिथे नसतो.

आणि आता क्लिकचा रोग. चार पर्यायांची चाचणी पुन्हा देता येते आणि प्रश्न तेच येतात, हे मुलाला आठवड्याभरात कळतं. अहवालात ९५ टक्के दिसतात, पण वहीवर साधी अपूर्णांकांची बेरीज जमत नाही. अहवालात गुणांपेक्षा वेळ बघा. बारा प्रश्न दोन मिनिटांत सोडवले असतील तर ते सोडवलेले नाहीत. यावर उपाय एकच, तोही जुना: रोजच्या धड्यातले तीन प्रश्न कागदावर, पायऱ्यांसकट, लॅपटॉप बंद करून. व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहायची सोय असेल तर सेटिंगमध्ये ती बंद करता येते का, हे वर्गणी भरण्याआधी तपासा. उत्तरसूचीचा पालकांसाठीचा पासवर्ड वेगळा आहे का, हेही.

लेखन हा या पॅकेजांचा सगळ्यांत कच्चा भाग. पाचवीत मुलाने मत मांडणारा, माहिती देणारा आणि गोष्ट सांगणारा असे तीन प्रकारचे लेख लिहायचे असतात, आणि वाचलेल्या उताऱ्यातून पुरावा उचलून द्यायचा असतो. प्रोग्रॅम शब्द मोजतो, फार तर स्पेलिंग बघतो. मत आणि पुरावा यांचा सांधा जुळला का, हे माणसानेच वाचावं लागतं. दर आठवड्याला एक परिच्छेद ठेवा: पहिल्या वाक्यात मत, मग उताऱ्यातली एक ओळ, मग ती ओळ त्या मताला आधार कशी देते याची दोन वाक्यं. मुलं हीच शेवटची दोन वाक्यं गाळतात. तपासताना एका वेळी एकच गोष्ट धरा. या आठवड्यात पुरावा, पुढच्या आठवड्यात विरामचिन्हं. सगळ्याला लाल शाई लावली की मूल तीनच ओळी लिहू लागतं. आणि कलर, सेंटर वगैरे शब्दांचं ब्रिटिश स्पेलिंग तिकडे चूक धरतात, हे आधीच सांगून ठेवा.

विज्ञानात व्हिडिओतला प्रयोग हा प्रयोग नव्हे. पाचवीची एक कल्पना अशी की पदार्थ विरघळला तरी वस्तुमान तेवढंच राहतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २०० ग्रॅम पाणी घ्या, कागदावर २० ग्रॅम मीठ मोजा, ओता, ढवळा, पुन्हा वजन करा: २२० यायला हवं. कमी आलं तर मीठ कागदाला चिकटलं आहे किंवा चमच्याबरोबर पाणी गेलं आहे. चमचाही काट्यावरच ठेवून आधी शून्य केलं की प्रश्न मिटतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर बंद पिशवीत मिसळण्याचा प्रयोग बऱ्याच ठिकाणी सुचवतात, पण तो घरच्या काट्यावर फसतो. फुगलेली पिशवी लिटरभर हवा बाजूला सारते, त्यामुळे काटा ग्रॅमभर कमी दाखवतो आणि मूल नेमका उलटा निष्कर्ष काढतं.

वेळापत्रकाचं गणित साधं आहे. वर्ष ३६ आठवड्यांचं, १८० दिवसांचं. न्यूयॉर्क सहावीपर्यंत वर्षाला ९०० तास मागतं, म्हणजे दिवसाला पाच. पेनसिल्व्हेनिया १८० दिवस किंवा ९०० तास. हे पाचही तास पडद्यासमोर घालवायचे नाहीत. पडद्यावर दोन-अडीच पुरे. बाकी वाचन, वहीतलं काम, खेळ, संगीत, प्रयोग, वाचनालय. स्थानिक वाचनालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. अनेक वाचनालयांची ई-पुस्तकं त्याच कार्डावर लिबी अॅपमध्ये मिळतात. आठवड्याचे चार दिवस पॅकेज आणि पाचवा दिवस लेखन, प्रयोग आणि राज्याचा इतिहास, ही वाटणी टिकते. पण मग १८० धडे चार दिवसांच्या आठवड्यात ४५ आठवडे खातात. म्हणून प्रत्येक घटकाची शेवटची चाचणी आधी कागदावर घ्या, येत असेल तो घटक सोडा. गणिताचे सुरुवातीचे घटक बहुधा चौथीची उजळणीच असतात. मुलाची पातळी ठरवणारी पॅकेजची सुरुवातीची चाचणी गणित आणि इंग्रजीची वेगळी द्या, आणि त्या वेळी शेजारी बसू नका. गणित सहावीचं आणि इंग्रजी चौथीचं, अशी निवड बऱ्याच पॅकेजांत करता येते, तीत कमीपणा काही नाही.

कडक राज्यांत वर्षाअखेरची परीक्षा टळत नाही. पेनसिल्व्हेनियात तिसरी, पाचवी आणि आठवीत भाषा आणि गणिताची प्रमाणित चाचणी असते आणि ती पालकांनी स्वतः घेतलेली चालत नाही. वर्षभराची नोंदवही आणि मुलाच्या कामाचे नमुने मूल्यमापकाला दाखवून त्याचं प्रमाणपत्र ३० जूनपर्यंत द्यायचं असतं. न्यूयॉर्कमध्ये चौथी ते आठवी एक वर्षाआड चाचणी, मधल्या वर्षी लेखी वर्णन चालतं. चाचणीची जागा मार्चमध्येच ठरवून टाका. नमुने निवडताना फक्त छान पानं ठेवू नका. सप्टेंबरचं खोडाखोडीचं पान आणि मेमधलं पान एकाच विषयाचं असलं की प्रगती न सांगता दिसते.

मराठी हा विषय नोंदवहीत परकीय भाषा म्हणून बिनदिक्कत लिहा. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी) जोडलेल्या मराठी शाळा अनेक शहरांत आठवड्याच्या सुट्टीला भरतात, तिथले तासही त्यात धरता येतात.

परत भारतात येण्याचा बेत असेल तर नोंदवही, चाचणीचे निकाल आणि नमुन्यांची फाइल बरोबर आणा. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त बेसिक शिक्षणात ‘ब’ स्तर पाचवीच्या तोडीचा धरला जातो, तोही एक मार्ग आहे. आणि निघण्याआधीच्या दोन महिन्यांत रोज पाच मिनिटं स्वल्पविरामाला द्या: १,२३४,५६७ लिहिणाऱ्या मुलाकडून तीच संख्या १२,३४,५६७ अशी लिहून घ्या आणि ‘बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट’ अशी मोठ्याने वाचून घ्या.