कापूस, हमीभाव आणि पेपरातला घोळ

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या पोरांना हमीभाव वेगळा पाठ करायची गरजच नाही खरं तर, घरात कापूस पडलेला असतो आणि दिवसभर भावाचीच चर्चा. पण स्पर्धा परीक्षेच्या एमसीक्यूमधे, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांत, घोळ होतोच. शिफारस करतो कृषी खर्च आणि मूल्य आयोग, मंजुरी देते केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती आणि बाजारात खरेदीला उतरते सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ), हे तिघं वेगवेगळे आहेत भो! २०२५-२६ला मध्यम धाग्याला ७७१० रुपये क्विंटल, लांब धाग्याला ८११०. आकडे दरवर्षी बदलतात, त्यात फार जीव नका अडकवू. उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर), त्यामागे १९६६चा ऊस नियंत्रण आदेश, आणि आपल्या कापसाच्या हमीभावाला कायद्याचा आधारच नाही. मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, मला तरी हाच मुद्दा सगळ्यात भारी वाटतो.