आमची वाटचाल : बत्तीच्या शिध्यापासून मासेमारी नौकांच्या रसदीपर्यंत

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की आधी उंदेरी बेट आणि तिच्या पलीकडे, सुमारे 5 किलोमीटर आत, खांदेरी दिसते. शिवाजी महाराजांच्या आरमारातील मायनाक भंडारी यांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या आरमाराला तोंड देत ज्या बेटावर तट उभारला, तिथेच 1867 पासून दीपगृह आहे, आणि त्यावर राहणाऱ्या माणसांना शिधा पोहोचवण्याच्या कामातून आमचा धंदा उभा राहिला.

आजोबांचे मूळ दुकान किराण्याचे होते. बत्तीवाल्यांची, म्हणजे दीपगृहावरच्या माणसांची, यादी एखाद्या तांडेलाच्या हाती किनाऱ्यावर यायची, आजोबा सामान बांधायचे आणि भाड्याच्या मचव्यातून ते स्वतः घेऊन जायचे. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे यांच्याबरोबर टपाल, औषधे आणि आठवडाभराची शिळी वर्तमानपत्रेही त्याच खेपेत जात. दिव्याचे रॉकेल सरकारी असले तरी ते वाहून नेण्याचे काम अनेकदा आमच्याकडे येई. त्या काळी दीपगृहांत दाबाखाली रॉकेलची वाफ करून तिच्या ज्योतीने मँटल, म्हणजे तापून प्रकाश देणारी जाळी, तापवले जाई, आणि बर्नरचे बारीक छिद्र कचऱ्याच्या एका कणानेही बुजत असल्यामुळे सांध्यातून खारे पाणी शिरलेला डबा बत्तीवाले सरळ परत पाठवत. एका खेपेचे 3 डबे असे परत आल्यावर, प्रत्येक डबा मचव्यात चढवण्यापूर्वी काही वेळ उलटा ठेवून त्याच्या सांध्यावर कोरडे फडके फिरवण्याची पद्धत आजोबांनी घातली. फडक्याला वास लागला, की तो डबा किनाऱ्यावरच राहायचा.

खरी कसोटी मात्र आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, असे. मे सरण्याआधी नारळी पौर्णिमेपर्यंत पुरेल एवढे सामान बेटावर चढवावे लागे, कारण एकदा दर्या खवळला की धक्क्याला होडी लागण्याची आशा नसे. अशाच एका वर्षी गोणी भरल्या, तेलाचे डबे मोजले, लोणच्याच्या बरण्या गवतात बसवल्या आणि मीठ राहिले. ही चूक सर्वस्वी आमची होती. पावसाळा संपून पहिली खेप गेली, तेव्हा बत्तीवाल्यांनी काही न बोलता आजोबांपुढे समुद्राच्या पाण्यात शिजवलेला भात ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे एकाने यादी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने वस्तूवर हात ठेवून खूण करायची, हा नियम आहे. नव्या मुलांना तो पोरखेळ वाटतो, पण मी तो बदललेला नाही.

पुढे सौर दिवे आले, बेटावरची माणसे कमी झाली आणि आगोटीची मागणी आटत गेली. वडिलांनी वेळीच मोहरा मासेमारी नौकांकडे वळवला. आठ-दहा दिवस समुद्रात राहणाऱ्या खलाशांनाही विसरलेली वस्तू मध्येच मिळत नाही, त्यामुळे बांधणीची रीत तीच राहिली. भर पडली ती बर्फ, दोरखंड आणि डिझेलची. उधारीचा व्याप मात्र बत्तीच्या दिवसांत कधी एवढा नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

बत्तीसाठीची शेवटची मोठी यादी वडिलांच्या हातची आहे. तीत मँटलच्या जागी बॅटरीत घालायचे पाणी लिहिले आहे, आणि मिठापुढे दोन खुणा आहेत.