बेडूक-वही, पावसाळा तिसरा: दोन रकाने वाढवले आणि पस्तावलो

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आरेत रस्त्याकडेच्या डबक्यावर बुलफ्रॉगचे पिवळेधमक नर जमले होते, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून. सोबत आलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, हे दुर्मीळ असतात का?" मी ऐटीत म्हटलं, "अरे, कायद्यात नाव आहे यांचं!" घरी येऊन आययूसीएनची, म्हणजे निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेची, लाल यादी उघडली. बुलफ्रॉग 'चिंता नाही' या गटात. भाच्याने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. मग काय.

तारीख, जागा, आवाज, पाऊस हे रकाने वहीत आधीपासून होते. यंदा 'लाल यादी' आणि 'कायदा' हे दोन वाढवले. वाटलं होतं, एका रविवारचं काम.

बुलफ्रॉग कायद्यात आला तो दुर्मीळ म्हणून नव्हे, त्याच्या तंगड्यांना मागणी होती म्हणून. एके काळी आपल्याकडून त्या परदेशी जेवणांच्या टेबलांवर जात. १९८५ साली तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात गेला आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. बेडूक गेले की शेतात किडे वाढतात, हे कारण तेव्हा बरंच गाजलं होतं. लाल यादी बघते, जात नष्ट होण्याचा धोका किती. कायद्याच्या यादीत कोण येणार, हे बऱ्याचदा कोण विकलं जातंय यावर ठरतं. मी दोन्ही एकाच पिशवीत घालत होतो.

खरी गंमत नावांची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या चौथ्या अनुसूचीत बेडकांची नोंद होती ती 'राना' या प्रजातीची (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). त्या काळी आपले बरेचसे बेडूक रानातच बसवलेले (शब्दखेळ माझा नाही, लॅटिनचा). पुढे ते वेगळे काढले गेले: बुलफ्रॉग होप्लोबॅट्रॅकस झाला, पाण्यावर टणाटण उड्या मारणारा युफ्लिक्टिस, आणि भातखाचरातले चिमुकले बेडूक आधी फेजरवर्या, मग मिनर्वर्या. माझ्या वहीतल्या मुंबईच्या नोंदींत आज राना प्रजातीचा एकही बेडूक उरलेला नाही. म्हणजे शब्दशः वाचायचं तर त्या नोंदीखाली कोण येतं? मी वकील नाही, पण हा प्रश्न आमच्यासारख्या हौशी लोकांना सुचतो तर बचावाच्या वकिलाला सुचणार नाही?

आणि भेक (टोड)? झाडबेडूक? देवगांडूळ (बिनपायांचा उभयचर)? यांतलं कोणीच 'राना' नव्हतं. आंबोलीचा वाघासारख्या पट्ट्यांचा भेक, झँथोफ्रिन टायग्रिना, २००९ मध्ये नव्या प्रजातीसह नवी जात म्हणून नोंदला गेला. राहतो एवढ्याशा टापूत, आणि लाल यादीत थेट 'अतिसंकटग्रस्त'. जुन्या अनुसूचीत मात्र त्याच्यासाठी ओळ नव्हती. वहीत बुलफ्रॉग आणि हा भेक खाली-वर आले आहेत आणि त्यांचे रकाने बरोब्बर उलटे भरलेत. त्या पानाला मी घडी घालून ठेवली आहे.

जुने लेख वाचताना जपा. २०२२च्या दुरुस्तीने सहाऐवजी चारच अनुसूच्या ठेवल्या आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आताची चौथी अनुसूची साइट्समधल्या जातींची. त्यामुळे 'चौथी अनुसूची' असं नुसतं लिहिलेलं दिसलं की आधी लेखाची तारीख बघायची. मी न बघता अर्धं पान भरलं आणि सगळं खोडलं.

नावाने फसण्याचा दुसरा प्रकार: रावर्चेस्टेस बॉम्बेएन्सिस हा झुडपी बेडूक. मुंबईचा म्हणून दोन पावसाळे आरेत शोधला. १९१९ मध्ये त्याचं वर्णन झालं ते कॅसलरॉकच्या नमुन्यांवरून, आणि कॅसलरॉक आज कर्नाटकात. 'बॉम्बे' म्हणजे मुंबई इलाखा, हे शाळेत शिकलो होतो, पण डबक्याकाठी कोणाला आठवतं! उलट 'लिम्नोकॅरिस' हे मूळ जावातल्या बेडकाचं नाव जुन्या पुस्तकांत आपल्या भातखाचरांतही सर्रास सापडतं. पहिल्या वर्षी मीही तेच लिहिलं होतं, तेही पक्क्या शाईने.

आता जातीचं नाव पेन्सिलने लिहितो. शाईने फक्त जागा, वेळ आणि ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. यंदाची बेरीज: नऊ जाती, त्यांतल्या सहा नुसत्या आवाजावरून. हातात एकही धरला नाही. बुरशीचा रोग एका डबक्यातून दुसऱ्यात आपल्या हातांनी, बुटांनी जाऊ शकतो, त्यामुळे बूटही घरी आल्यावर घासून वाळवतो. बायकोचं यावर स्वतंत्र मत आहे.

मिनर्वर्यांचे तीन आवाज अजून सुटत नाहीत. तिन्ही आरेतले, रात्री नऊच्या पुढचे, एकात मागून ट्रकचा हॉर्न. ज्यांच्याकडे वसई, पनवेल किंवा कर्जतच्या खाचरांतली जुलैची ध्वनिमुद्रणं असतील त्यांनी ताडून बघायला द्यावीत. जागा आणि तारीख नक्की हवी, नाव नसलं तरी चालेल.