टाकी नसलेल्या घरातलं पाणी

इथल्या घरांना पाण्याची टाकी नसते. जमिनीखालचा हौद नाही, मोटर लावायची नाही, अमुक वाजता पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन नाही. आम्ही टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोत राहतो. आमच्या भागाला लव्हॉन तलावाचं पाणी येतं. शुद्ध होऊन ते रस्त्याखालच्या पाइपातून थेट घरात शिरतं आणि वर्षाचे बारा महिने, चोवीस तास दाबाखाली असतं. नाशिकला पहाटे उठून पाणी भरणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे या सुखाची किंमत मला पुरेपूर कळते. पण या सुखाला एक धाक चिकटलेला आहे. इथलं पाणी संपत नाही.

आपल्याकडे सोसायटीत एखाद्या फ्लॅटमधला पाइप फुटला तर काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. जिन्यातून पाणी वाहायला लागतं, कोणीतरी ओरडतं, कोणीतरी गच्चीवर धावतं. कोणी नाहीच धावलं तरी टाकी रिकामी झाली की वाहणं आपोआप थांबतं. खाली फरशी, बाजूला विटांची भिंत. खराट्यानं पाणी लोटायचं, पंखा लावायचा, दोन दिवसांत घर कोरडं.

इथं आपोआप काही थांबत नाही. घरातला दाब ८० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर किती पौंड जोर, ते माप) वर जाऊ द्यायचा नाही असा बांधकामाचा नियम आहे. आमच्याकडे तो ६० च्या आसपास असतो. चौदा मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी आहे आणि तळमजल्यावर नळ सोडलाय, तर जेवढा जोर मिळेल तेवढा. अर्धा इंची नळी तुटली तर मिनिटाला वीस लिटर सहज जातात. चोवीस तासांत २८ हजार लिटरच्या वर, म्हणजे आपल्याकडचे १० हजार लिटरवाले जवळजवळ तीन टँकर. आणि हे सगळं लाकडी घरात. भिंतींचा सांगाडा लाकडाचा, त्यावर जिप्समच्या पाट्या, आत कापसासारखं इन्सुलेशन, वरच्या मजल्यावर गालिचा. यातलं काहीही भिजलं की २४ ते ४८ तासांत सुकवा, नाहीतर बुरशी धरते, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं.

ओळखीतलं एक मराठी कुटुंब मुंजीसाठी पुण्याला गेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या कमोडला पाणी देणाऱ्या नळीचं प्लास्टिकचं नट तडकलं. बोटाएवढी वस्तू. गॅरेजच्या दाराखालून पाणी येताना शेजाऱ्यानं पाहिलं, तोवर दिवाणखान्याचं छत सोफ्यावर उतरलं होतं. आम्ही मदतीला गेलो तेव्हा लाकडी जमिनीच्या पट्ट्या कडांना वर उचललेल्या होत्या, पाय ठेवला की करकरत होत्या. मोठाले ब्लोअर आणि हवेतला ओलावा शोषणारी यंत्रं रात्रंदिवस घोंघावत होती. देवघराच्या मागची भिंत गुडघाभर उंचीपर्यंत कापून काढलेली. विम्याचे पैसे मिळाले, पण कित्येक महिने दुसरीकडे राहावं लागलं. मुलांच्या शाळेच्या दिवसांत असा संसार उचलून न्यावा लागणं किती कठीण असतं, ते मी जवळून पाहिलं.

टेक्सासातल्या कोणालाही विचारा, पाण्याची गोष्ट फेब्रुवारी २०२१ पाशी येतेच. १६ फेब्रुवारीला डॅलसच्या विमानतळावर तापमान उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सिअसच्या जवळ गेलं. वीज गेली, घरं गारठली. इथल्या घरांत बरेच पाइप माळ्यावरून फिरवलेले असतात; पाणी तापवण्याची १५०-२०० लिटरची टाकीसुद्धा पुष्कळदा माळ्यावरच. पाइपात बर्फ झाला, पाइप फाटले, आणि ऊन पडून बर्फ वितळल्यावर छतातून धारा लागल्या. त्या वेळी लोकांचे फोन यायचे ते एकच विचारायला, की घराचं पाणी बंद कुठून करायचं? वर्षानुवर्षं ज्या घरात राहतोय त्याचा मेन कॉक माहीत नाही, अशी कितीतरी कुटुंबं होती.

त्यानंतर आम्ही गळती ओळखून पाणी बंद करणारं यंत्र बसवायचं ठरवलं. मोएनचं फ्लो, फिन ही नावं इथं जास्त ऐकू येतात; इतरही आहेत. घरात शिरणाऱ्या मुख्य पाइपात ते बसतं. आतून किती पाणी जातंय, दाब किती, तापमान किती हे सतत मोजतं आणि काही वेडंवाकडं दिसलं की मोटरनं व्हॉल्व्ह फिरवून घराचं पाणी तोडतं. फिन तर दाब सेकंदाला २४० वेळा तपासतं, कारण प्रत्येक नळ उघडताना पाइपातल्या दाबात वेगळी लहर उठते आणि त्यावरून यंत्राला सिंक कोणतं, शॉवर कोणता हे ओळखता येतं.

मला सगळ्यात आवडतं ते रात्रीचं तपासणं. सगळे झोपलेले असताना यंत्र व्हॉल्व्ह काही मिनिटं बंद करतं आणि घरातल्या पाइपांमधला दाब उतरतोय का बघतं. उतरला तर कुठंतरी ठिबकतंय. मध्येच कोणी उठून नळ सोडला तर तपासणी सोडून लगेच पाणी चालू करतं. आमच्या घराखाली तळघर नाही, थेट काँक्रीटचा स्लॅब आहे आणि त्यात पाइप गाडलेले आहेत. इथली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि स्लॅबखालच्या पाइपांना पीळ बसतो. गरम पाण्याचा पाइप आत गळत असेल तर अनवाणी चालताना फरशीचा एकच तुकडा कोमट लागतो. तळव्याला ते कळेपर्यंत बरंच पाणी जमिनीत गेलेलं असतं. रात्रीच्या तपासणीत ते कितीतरी आधी कळू शकतं.

बसवायला परवानाधारक प्लंबर बोलावला. यंत्राची किंमत साधारण पाचशे डॉलर, मजुरी वेगळी. हौस असलेले लोक नुसते दाबून बसणारे पुश-फिट जोड वापरून स्वतः बसवतात, पण मुख्य पाइप कापायचं काम जाणत्यानंच करावं असं माझं ठाम मत आहे. प्लंबरनं आधी बाहेरच्या नळाला दाबाचं मीटर लावून पाहिलं. मग अंगणातल्या बागेच्या पाण्याचा फाटा कुठं फुटतो ते शोधलं. यंत्र त्या फाट्याच्या पुढे हवं, नाहीतर हिरवळीला पाणी सुटलं की दर वेळी त्याला गळती वाटणार. आणि घरात आगीसाठीचे स्प्रिंकलर असतील तर त्यांची लाइन या व्हॉल्व्हनं कधीही तुटता कामा नये, हे त्यानं आपणहून सांगितलं.

गॅरेजच्या भिंतीत आमचा तांब्याचा पाइप वर येतो. त्यानं मेन बंद केला, खालचे नळ उघडून घरातले पाइप रिकामे केले, कटर पाइपाभोवती गोल गोल फिरवला. पाइप अलगद तुटला, आत उरलेलं तांब्याभर पाणी बादलीत पडलं. यंत्रावर बाण असतो, तो पाण्याच्या दिशेनं ठेवायचा. जोड डाग न देता प्रेस टूलनं दाबून घेतले. एवढ्यात संपलं असं मला वाटलं, पण त्यानं तांब्याची एक जाड तार काढली आणि यंत्राच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पाइपाला क्लॅम्पनं जोडली. बऱ्याच घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या धातूच्या पाइपाशी बांधलेलं असतं. मधला तुकडा कापून प्लास्टिकचा भाग घातला तर ती साखळी तुटते, म्हणून हा पूल. स्वतः बसवणाऱ्यांकडून नेमकी ही तार राहून जाते, आणि तिच्याशिवाय कोणी हे काम संपलं असं म्हणू नये.

पहिला आठवडाभर यंत्र घराच्या सवयी शिकतं. त्या काळात ते शांत असतं. त्यानंतर खोटे इशारे येतात आणि तिथं बरेच जण वैतागून ते बंद करून टाकतात. आमच्याकडे गणपतीच्या दिवशी घर भरलेलं होतं, भांडी घासणं, हात-पाय धुणं, बाथरूम, सगळं एकामागून एक. आरतीच्या मध्यावर फोनवर निरोप आला, बराच वेळ सलग पाणी वाहतंय, बंद करू का? ठरावीक वेळेत उत्तर दिलं नाही तर ते खरंच बंद करतं. म्हणून पाहुणे येणार असतील तर मर्यादा आधीच वाढवून ठेवायची. पाणी मऊ करणारं सॉफ्टनर मध्यरात्री स्वतःला धुतं, त्याचीही सवय यंत्राला लावावी लागते. आणि कडाक्याच्या थंडीत पाइप गोठू नये म्हणून इथं रात्रभर नळ बारीक सोडून ठेवायची पद्धत आहे. यंत्राला ती गळतीच वाटते आणि ऐन थंडीत ते पाणी तोडतं. त्या रात्रीपुरतं त्याला झोपवायचं, हे फ्रीजवर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे.

मुख्य पाइपावरच्या यंत्राच्या जोडीला आम्ही ओल ओळखणाऱ्या चपट्या चकत्या ठेवल्या: वॉशिंग मशीनमागे, भांड्यांच्या सिंकखाली, फ्रीजच्या बर्फाच्या नळीपाशी, माळ्यावरच्या पाणी तापवायच्या टाकीखालच्या तसराळ्यात. खालच्या दोन टोकांना पाणी लागलं की त्या ओरडतात. देखभाल खरी यांचीच. बॅटरी संपते, तळाशी धूळ बसते, मशीनमागची तर कापसाच्या तंतूंनी माखते. ओलं फडकं टेकवून प्रत्येक चकती अधूनमधून तपासायची.

मुख्य व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा बंद करून उघडायचा. इथलं पाणी जड आहे, क्षार बसतात, आणि वर्षभर न हललेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी अडतो. बंद केल्यावर एक नळ उघडून बघायचा, धार पूर्ण थांबली पाहिजे. राउटर बदलला की यंत्राचं वायफाय तुटतं, ते पुन्हा जोडायचं. वायफाय गेलं तरी बरीच यंत्रं पाणी बंद करण्याचं काम करतात, फक्त निरोप येत नाही. वीज गेली तर बहुतेक व्हॉल्व्ह आहे त्याच स्थितीत राहतात, म्हणून हातानं फिरवायची सोय कुठं आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले तेव्हा मी पहिल्याच दिवशी बाबांना गॅरेजमध्ये नेलं. "बाबा, हा दांडा पाइपाला समांतर असला की पाणी चालू. आडवा केला की बंद. आम्ही ऑफिसात असताना काही झालं तर आधी हे करा, मग मला फोन करा." त्यांनी स्वतः दोनदा फिरवून पाहिला, मग आईला बोलावलं आणि तिच्याकडूनही फिरवून घेतला. इथं येणाऱ्या सगळ्या आई-वडिलांना हे दाखवावं. परक्या घरात काही बिघडलं की त्यांना फार ओशाळल्यासारखं होतं. काय करायचं ते ठाऊक असलं की ते बिनघोर राहतात.

कमोडच्या गळतीवर मात्र यंत्राचीही गरज नाही. वरच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकायचे, दहा मिनिटं फ्लश करायचं नाही. खालच्या भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. पर्यावरण खात्याच्या हिशेबानं इथलं सरासरी घर सगळ्या गळत्या मिळून वर्षाला जवळपास १० हजार गॅलन, म्हणजे ३८ हजार लिटर पाणी घालवू शकतं. मराठवाड्यातल्या टँकरच्या रांगा डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला हा आकडा वाचवत नाही.

विम्याबद्दल थोडं. इथल्या साधारण पॉलिसीत अचानक फुटलेल्या पाइपाचं नुकसान मिळतं, पण महिनोनमहिने झिरपलेल्याचं सहसा मिळत नाही. काही कंपन्या असं यंत्र बसवलं की हप्त्यात सवलत देतात, म्हणून प्लंबरची पावती जपून ठेवा आणि एजंटला विचारा.

डिसेंबरात भारतात जाताना मी यंत्रावर विसंबत नाही, मेन कॉक हातानं बंद करते आणि सगळ्यात खालचा नळ उघडून दाब उतरवते. हिवाळ्यात इथलं घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागं असतं. नाशिकला मध्यरात्री निरोप आला तर इथं दुपारचे साडेबारा, आणि धावून जाणारं कोणीतरी इथं हवं. म्हणून एका मैत्रिणीकडे किल्ली आणि तिच्या फोनवर यंत्राचं ॲप, असं दोन्ही ठेवलंय.

पुण्याचा माझा भाऊ विचारत होता, येताना एक घेऊन येतेस का? मी नको म्हटलं. त्याच्या फ्लॅटला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं. टाकी दहा मीटर वर असेल तर दाब जेमतेम १४ पीएसआय, आणि ही यंत्रं त्याच्या कितीतरी वरच्या दाबासाठी बनवलेली. शिवाय आपल्याकडे स्वयंपाकघराला वेगळी लाइन, प्रत्येक बाथरूमला वेगळी. एक व्हॉल्व्ह फिरवून सगळं घर बंद होतच नाही. त्याला सांगितलं, गावाला जाताना प्रत्येक लाइनचा कॉक बंद करून जात जा आणि एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी फिरवत राहा. त्यानं त्याच रविवारी फिरवून पाहिले. बाथरूममधले दोन्ही फिरले, स्वयंपाकघरातला गंजून घट्ट बसलाय. तो बदलायला त्यानं प्लंबरला बोलावलंय.