60 पीडीयू आणि सोमवारची रिस्क शीट
पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र, टिकवायचं तर दर 3 वर्षांनी 60 पीडीयू (शिकण्याचे आणि व्यवसायासाठी दिलेल्या वेळेचे गुण) लागतात, त्यातले निदान 35 शिकण्यातूनच यायला हवेत, आणि बरेच जण शेवटच्या महिन्यात नुसते वेबिनार चालू ठेवून ते गोळा करतात, हे मला मनापासून खटकतं. मी खरं शिकले ते चुकीतून: मागच्या प्रोजेक्टला मी रिस्क रजिस्टर, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची शीट, किकऑफला (सुरुवातीच्या मीटिंगला) भरलं आणि परत उघडलंच नाही, त्यात तिसऱ्याच ओळीत लिहिलेलं की टेस्ट सर्व्हर उशिरा मिळेल, तसंच झालं आणि टीममधल्या पोरांनी रात्री जागून काढल्या, फार वाईट वाटलं. आता दर सोमवारी सकाळच्या चहालाच ती शीट उघडते, प्रत्येक रिस्कपुढे एकाच माणसाचं नाव, ‘टीम’ असं अजिबात लिहायचं नाही, आणि तारीख टाकायचीच.