फ्रेमला रंग कुठे लावायचा नाही

शनिवार

६०० सीसीची चार सिलिंडरची स्पोर्ट गाडी. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, दोन रुंद बाजूंनी इंजिनाला कवेत घेणारी. स्टिअरिंगच्या मानेपाशी आणि बूट घासतो त्या जागी रंगाचे पोपडे निघालेत. एक पोपडा नखाने उचलला तर खाली पिठासारखी पांढरी भुकटी. लोखंडाचा गंज तांबडा, अ‍ॅल्युमिनियमचा हा असा पांढरा. त्यावरून रंग मारला तर गंज आतल्या आत पसरत राहतो आणि नवा रंगही फुगून निघतो. म्हणजे धातू उघडा करण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी गाडी पूर्ण खोलायची.

पाने हातात घेतले की पहिला मोह फेअरिंग (गाडीवरचं प्लास्टिकचं आवरण) काढण्याचा होतो. त्याआधी, गाडी दोन्ही चाकांवर उभी असतानाच मोठे नट ढिले करून घ्यावेत. पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) नटाचा वॉशर दुमडलेला असतो. तो आधी सरळ करायचा, कोणीतरी मागचा ब्रेक दाबून धरायचा आणि लांब दांड्याने नट सोडवायचा. चेन उतरली की त्या स्प्रॉकेटला धरून ठेवणारं काही उरत नाही. मागचा अ‍ॅक्सल, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट म्हणजे बिजागरीचा बोल्ट आणि स्टिअरिंग स्टेमचा वरचा नट हेही आजच पाव फेरा सोडवून पुन्हा हाताने बसवायचे. गाडी टांगल्यावर याच नटांवर जोर लावला की गाडीच झोके खाते.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी, फेअरिंग आणि टाकी नंतर. जपानी गाड्यांवरचे चौफुलीचे स्क्रू नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरला बसल्यासारखे वाटतात, पण जोर दिला की टोक वर सरकतं आणि खाच गोल होते. त्यांना जेआयएस (जपानी मानक) मापाचाच ड्रायव्हर लागतो. फेअरिंगचे बोल्ट दिसायला सारखे, लांबीला वेगळे. पुठ्ठ्यावर फेअरिंगचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्याच जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो मागच्या रेडिएटरवर टेकू शकतो.

रविवार

वायरिंग. प्रत्येक कनेक्टरवर टेपची पट्टी आणि तिच्यावर नंबर, हे सगळेच करतात. त्याहून महत्त्वाचा असतो वायरचा रस्ता: मानेच्या डावीकडून की उजवीकडून, केबलच्या वरून की खालून, कोणत्या क्लिपमधून. प्रत्येक वळणाचे दोन फोटो हवेत, एक जवळून आणि एक लांबून. जवळच्या फोटोत जागा कळत नाही, लांबच्या फोटोत क्लिप दिसत नाही.

ब्रेकची लाइन शक्यतो उघडायची नाही. मास्टर सिलिंडर, पाइप आणि कॅलिपर अखंड उतरवून बाजूला टांगायचे. एबीएसचं युनिट फ्रेमला असेल तर ते ब्रॅकेटसकट सोडवता येतं का, हे आधी बघावं.

पॅडॉक स्टँड (गाडी उचलून उभी धरणारा) मागे स्विंगआर्मला धरतो, पुढचा स्टेमच्या भोकात. दोन्ही भाग निघणार असल्यामुळे हे स्टँड आता निरुपयोगी. इंजिन खालून जॅकवर, मध्ये सपाट लाकडी ठोकळा. ठोकळा ऑइल फिल्टरवर किंवा एक्झॉस्टच्या पाइपवर टेकू द्यायचा नाही. इंजिनाचं वजन ६० किलोच्या घरात, उघडी फ्रेम मात्र हलकी. म्हणून इंजिन खाली काढण्याऐवजी ते जागीच ठेवून फ्रेम वर उचलून घेणं सोपं जातं.

इंजिनाच्या बोल्टपाशी बरेच जण फसतात. अशा बऱ्याच गाड्यांत फ्रेम आणि इंजिन यांच्यातली फट भरायला आट्यांचा अ‍ॅडजस्टर असतो आणि त्यावर खाचांचा लॉकनट. क्रम असा: लांब बोल्टचा नट, मग लॉकनट, मग अ‍ॅडजस्टर मागे फिरवायचा, शेवटी बोल्ट ओढायचा. अ‍ॅडजस्टर तसाच राहिला तर बोल्ट निघूनही इंजिन अडकून बसतं आणि हातोडा घातला की आटे जातात. बसवताना अ‍ॅडजस्टर हलकेच इंजिनाला टेकवून मग बोल्ट आवळायचा. नाहीतर बोल्ट फ्रेमच्या बाजू आत ओढतो आणि तो ताण वेल्डिंगवर कायमचा बसतो. क्रम आणि टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा ते माप) त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्यावेत, इथे अंदाज नको.

मंगळवार

रंग उतरवणे. कॉस्टिक सोडा लोखंडाच्या फ्रेमला चालतो. अ‍ॅल्युमिनियमला तो खातो आणि हायड्रोजन सोडतो, तेव्हा इथे त्याचं नावही काढू नये. ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून रंग उडवणं) करायचं तर काचेच्या बारीक मण्यांनी, कमी दाबाने. लोखंडी ग्रिट वापरली की तिचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथूनच गंज सुरू होतो. वाळू तर नकोच, तिची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. त्याआधी ग्रीस आणि चेनचं तेल पूर्ण धुऊन काढायचं, नाहीतर मणी ते तेल धातूत ठोकून बसवतात.

फ्रेमच्या बाजू पोकळ असतात. प्रत्येक भोक आधी बंद करायचं. तरी मणी आत शिरतातच. फ्रेम उलटीपालटी करत रबरी हातोड्याने ठोकून आणि हवेने फुंकून, एकही कण पडेनासा होईपर्यंत बाहेर काढायचे. राहिलेला कण बेअरिंगमध्ये जाऊन बसतो.

धातू उघडा झाला की मानेपाशी आणि पिव्हटपाशी वेल्डिंगची शिवण भिंगाखाली बघावी. केसासारखी रेघ दिसली तर रंगाचं काम तिथेच थांबवायचं. तडा रंगाने झाकण्यासारखा गुन्हा नाही.

बुधवार

पावडर कोटिंग (रंगाची कोरडी भुकटी फवारून भट्टीत भाजायची) की दोन भागांचा रंग (रंगात हार्डनर मिसळून मारायचा)? पावडर भाजायला साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस लागतात. अ‍ॅल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतूनच आलेली असते. भट्टी जास्त तापली किंवा वेळ लांबला तर ती ताकद कमी होते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय मान आणि पिव्हटचे भाग ओतीव असतात. त्यांच्या छिद्रांतली हवा भट्टीत बाहेर येते आणि कोटिंगला टाचणीएवढी भोकं पडतात. आधी रिकामी फ्रेम तापवून घेतली तर हे कमी होतं. लोखंडी फ्रेमला मी पावडरच सांगेन, अ‍ॅल्युमिनियमला एपॉक्सी प्रायमर आणि वर दोन भागांचा पॉलियुरेथेन.

आता मास्किंग, म्हणजे रंग नको त्या जागा झाकणं, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यावा. इंजिन जिथे टेकतं ते सगळे चेहरे, म्हणजे टेकणारे सपाट पृष्ठभाग, बिनरंगाचे हवेत. रंगाचा थर बोल्टच्या दाबाखाली हळूहळू चेपतो. थर चेपला की बोल्टचा ताण गेला, आणि ताण गेला की बोल्ट सैल. पावडरचा थर ६० ते १०० मायक्रॉन असतो. बोल्टच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक सांध्याला असा थर धरला तर हा हिशोब लहान राहत नाही. अर्थिंगचा बोल्ट बसतो तिथला गोल भाग उघडा हवा. नाहीतर दिवे मिणमिणतात, स्टार्टर कधी फिरतो कधी नाही, आणि दोष वायरिंगमध्ये शोधला जातो. आट्यांत जुने बोल्ट किंवा सिलिकॉनचे बुच. मानेतल्या बेअरिंगच्या जुन्या वाट्या रंगाच्या वेळी आतच ठेवाव्यात, तेच उत्तम मास्किंग. रंगानंतर त्या काढून नव्या बसवायच्या. फ्रेम भट्टीत जाणार असेल तर मात्र त्या आधीच काढायच्या, कारण वाटीमागचं ग्रीस वितळून कोटिंगवर ओघळतं. चासी नंबर ब्लास्टिंगच्या वेळी झाकायचा आणि त्यावर फक्त पातळ थर द्यायचा. नंबर स्पष्ट वाचता आलाच पाहिजे.

उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच धरू लागतो, म्हणून प्रायमर त्याच दिवशी. आधी आतले कोपरे आणि खळगे, मग रुंद बाजू. उलट केलं तर कोपऱ्यासाठी गन वळवताना बाजूंवर ओघळ येतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं. त्याचा वास जाणवतो तोवर उशीर झालेला असतो, त्यामुळे बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा.

पुढचा गुरुवार

रंग हाताला कोरडा लागतो, पण आतून घट्ट व्हायला आठवडा लागतो. त्याआधी जोडणी केली तर क्लॅम्प रंगाला चिकटतात आणि वॉशरखाली रंग सुरकुततो. नव्या रंगावर डॉट ४ ब्रेक ऑइलचा थेंबही नको, पडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

वायरिंग बसवल्यावर हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. कुठे वायर ताणली तर रस्ता चुकला. अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणारे एम६ बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला. आट्यांना अँटीसीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलं असेल तर त्याहून कमी, कारण तेच टॉर्क आता बोल्ट जास्त ताणतं.

इंजिनाच्या प्रत्येक बोल्टवर, डोक्यापासून फ्रेमपर्यंत, मार्करची एक सरळ रेघ ओढायची. काही शे किलोमीटरनंतर रेघ बघायची आणि टॉर्क पानाही लावायचा, कारण थर चेपला तर बोल्ट न फिरताच ताण जातो. ठरलेल्या टॉर्कच्या आधीच बोल्ट फिरला, तर तो सोडवून खालचा चेहरा बघावा: तिथे बहुधा रंग राहून गेलेला असतो.