पुलियातले छोटे कान आणि आईच्या नखुल्या

लाकडी पाटावर कणकेचा शेंगदाण्याएवढा तुकडा ठेवायचा. बोथट टोकाच्या सुरीने तो दाबत दाबत आपल्याकडे ओढायचा. तो वळून वर आला की अंगठ्याच्या टोकावर घेऊन उलटा करायचा. झाला एक कान. ओरेकिएत्ते या पास्त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘छोटे कान’. खरबरीत बाजू बाहेर, मध्ये वाटीसारखा खळगा. भाजीचा रस आणि तेल त्यात बसतं.

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया. गेल्या नोव्हेंबरात मी आणि माझी धाकटी नणंद, आम्ही दोघी तिथे सहा दिवस स्वयंपाक शिकायला गेलो होतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी केलेली ही पहिली मोठी गोष्ट. रोमहून रेल्वेने चारेक तासांत बारी, आणि तिथून पुढे ऑलिव्हच्या बागांमधलं एक जुनं दगडी शेतघर. अशा शेतघराला तिथे मासेरिया म्हणतात. शिकवायला घरच्याच आजी होत्या. सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि चूक झाली की आपला हात धरून तो योग्य जागी नेणाऱ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला इटालियन. त्यांची सून सुरुवातीला दुभाषी म्हणून बसायची, दुसऱ्या दिवसापासून तिची गरज उरली नाही.

‘इटालियन पदार्थ’ शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत. मला ते नको होते. एकाच जिल्ह्याचं, एकाच हंगामातलं, घरात रोज शिजणारं जेवण शिकायचं होतं. पुलियाचं बरंचसं जेवण गरिबीतून आलेलं आहे आणि तिथली माणसं ते अभिमानाने सांगतात. उत्तर इटलीत मऊ गव्हाच्या पिठात अंडी घालून पास्ता करतात. इथे अंडं नाही, फक्त कठीण गहू आणि पाणी. हा कठीण गहू आपल्या बन्सीच्या जातकुळीतला. त्याचा दोनदा दळलेला पिवळसर बारीक रवा असतो. ४०० ग्रॅम रव्याला साधारण २०० मिलिलिटर कोमट पाणी. दहा मिनिटं तळहाताच्या जोराने मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. आजींनी पहिल्यांदा रवा माझ्या हातात दिला तेव्हा मी तो चिमटीत चोळून पाहिला, आणि मला आमच्या वाईच्या घराची ओसरी आठवली.

चैत्र-वैशाखात आई आणि काकू तिथे वळवट करायच्या. दुधात भिजवलेल्या रव्याचे गव्हले, मालत्या, नखुल्या. गव्हले चिमटीत वळलेले, गव्हाच्या दाण्याएवढे. नखुल्या नखाने दाबून केलेल्या. सूपभर व्हायला आठवडा लागायचा. माझ्या रुखवतात पाच प्रकारचं वळवट होतं, आईने एकटीने केलेलं. ते मांडलं गेलं, सगळ्यांनी पाहिलं, पण मी ते कधी शिकून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी उरलेल्या कणकेची बारीक गोळी घेतली आणि नखाने दाबली. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, ही नखुली ना?” मी मान हलवली. आजींनी ती उचलून उजेडात धरली, मग स्वतः एक केली. त्यांची माझ्यापेक्षा सुबक झाली. पुढचा तासभर आम्ही तिघी काही न बोलता नखुल्या करत बसलो.

आता पदार्थांविषयी. नोव्हेंबर निवडला तो चीमे दी रापासाठी. मोहरीच्या कुळातली, सलगमाच्या नात्याची ही पालेभाजी. कोवळ्या कळ्यांसकट शिजवतात, चव थोडी कडसर. एकाच उकळत्या पाण्यात आधी भाजी, मग ताजे कान, पाचेक मिनिटं. दुसरीकडे ऑलिव्ह तेलात लसूण, लाल मिरची आणि खारवलेली छोटी मासळी, ती तेलात विरघळून जाते. आम्ही शाकाहारी, म्हणून आजींनी मासळी गाळली आणि शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून वर घातला. चीज परवडत नसे तेव्हा लोक हा चुराच वापरत, असं सूनबाई म्हणाल्या. मला तो चीजपेक्षा जास्त आवडला.

पण सगळ्यात जास्त काही मनात राहिलं असेल तर ते फावे ए चिकोरिए. फावा या मोठ्या वालासारख्या शेंगेचे वाळवलेले, सोललेले दाणे. मातीच्या उभट भांड्यात, दाण्यांच्या वर बोटभर पाणी, मंद आच. फेस काढत राहायचं आणि दाणे आपोआप फुटेपर्यंत डाव घालायचा नाही. दोन तासांनी लाकडी डावाने जोरात घोटायचं, घोटता घोटता तेल सोडायचं. शेजारी रानातली कडू चिकोरी नुसती उकडून. गोडसर घट्ट वरण आणि कडू पाला, एका घासात दोन्ही. पहिला घास घेतल्यावर मी बराच वेळ बोलले नाही. घोटलेल्या वरणाचं असं रूप इतक्या दूर भेटेल असं वाटलं नव्हतं.

भाजलेल्या गव्हाचं काळपट पीठही पाहिलं. त्याला ग्रानो आर्सो म्हणतात, म्हणजे जळका गहू. कापणीनंतर शेतातली धसकटं जाळत, आणि राखेत उरलेले दाणे गरीब माणसं वेचून नेत. आपल्याकडे सरवा वेचणं हा शब्द आहे. लहानपणी वाईजवळच्या शिवारात सरवा वेचणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पदरात ज्वारीची कणसं. आता ते पीठ मुद्दाम गहू भाजून करतात आणि साध्या पिठापेक्षा महाग विकतात. त्याचे कान धुरकट लागतात. जुन्या भुकेची चव अशी महाग होते, हे मला पचवायला जड गेलं.

बाकी पुष्कळ खाल्लं. आल्तामुराचा जाड कवचाचा पिवळा पाव, ज्याला २००३ मध्ये युरोपचं संरक्षित नामांकन मिळालं. आंद्रियाची बुराता, म्हणजे आत मलई भरलेलं ताजं चीज. आल्बेरोबेल्लोची शंकूसारख्या छपरांची घरंही पाहिली, गर्दी फार होती. जुन्या बारीत किल्ल्याजवळच्या गल्लीत बायका दारात पाट मांडून कान करत बसतात, जाळ्यांवर वाळत घालतात. तिथे उभं राहून फोटो काढण्यापेक्षा दहा मिनिटं फक्त त्यांचे हात पाहावेत.

शेवटच्या दिवशी घाण्यावर गेलो. नवं तेल हिरवं, घशाला चरचरणारं. परतताना सूनबाईंनी दक्षिणेकडे बोट दाखवलं. त्यांचं माहेर सालेंतोत, म्हणजे पुलियाच्या दक्षिण टोकाला. २०१३ मध्ये तिथे झायलेला नावाचा जिवाणू सापडला आणि तेव्हापासून लाखो ऑलिव्ह झाडं वाळून गेली. त्यांच्या वडिलांची बागही गेली. आजींनी मला दिलेली तेलाची बाटली मी पुण्यात अजून जपून, थेंबाथेंबाने वापरते.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी: बन्सी रवा मिक्सरमधून आणखी बारीक करून घ्या. चीमे दी रापाऐवजी मुळ्याचा कोवळा पाला चालतो, मोहरीचा पाला मिळाला तर अधिक चांगला. फाव्याऐवजी सोललेले वाल घ्या, पण गोडेच. मी आधी कडवे वाल आणि मेथी घेतली, तेव्हा दोन्ही कडू झाल्याने ती गंमत गेली. गोड्या वालांबरोबर मेथी छान जमते.

या वैशाखात वन्सं चार दिवस राहायला आल्या आहेत. आईचं सूप माळ्यावरून काढलं, शेणाने सारवता आलं नाही म्हणून कागद लावला. गव्हले मला जमत नाहीत, ते त्या करतात. नखुल्या माझ्याकडे. काल संध्याकाळपर्यंत सुपाचा एक कोपरा भरला. अजून दोन उन्हं दाखवली की खिरीपुरत्या होतील.